ढकलपास, खिचडी आणि फुकटपगारी

‘झेडपीच्या सातवीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही. कारणं तीन: आठवीपर्यंत ढकलपास, शाळेत नुसती खिचडी आणि मास्तर फुकटपगारी.’ हा मेसेज आठवडाभरात मला चार ग्रुपवर आला. त्यातला एक ग्रुप तर शिक्षकांचाच. पहिलं वाक्य बऱ्याच पोरांबाबत खरं आहे. बीड जिल्ह्यात सहावी-सातवीला गणित शिकवतो, रोज बघतो. माझं भांडण कारणांशी आहे.

आधी ढकलपास. आठवीपर्यंत नापास करायचं नाही हा नियम शिक्षण हक्क कायद्यानं आणला आणि तो कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याआधीचे ‘असर’चे, म्हणजे ग्रामीण मुलांना वाचता-मोजता येतं का हे तपासणाऱ्या पाहणीचे, अहवाल काढा. तेव्हाही ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. आणि कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रानं पाचवी-आठवीची वार्षिक परीक्षा परत आणलीही. मेसेजवाल्याला कुणी कळवलेलं दिसत नाही.

आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मग पोरं मागे कुणाकडे ठेवणार? आजी असेल तर हंगामी वसतिगृहाच्या आधारानं काही थांबतात. बाकीची उसाच्या फडावर जातात. मोठी पोरगी धाकट्याला सांभाळते. परततात मार्च-एप्रिलात. सहावीच्या गणितात गुणोत्तर, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज हे सगळं दुसऱ्या सत्रात येतं. म्हणजे बापाची उचल किती फिटली हे समजायला जे लागतं, नेमकं तेच हुकतं. सहावीत हुकलेलं सातवीत कुणी शिकवत नाही, मीही नाही, कारण सातवीचा अभ्यासक्रम मानेवर बसलेला असतो. अशा पोराला नापास करून काय साधणार? तेराव्या-चौदाव्या वर्षी हातात कोयता पेलतो, घरालाही तो हवाच असतो. पोरीच्या बाबतीत तर स्थळं यायला लागतात.

खिचडीबद्दल फार बोलत नाही. सहावी ते आठवीच्या मुलामागे दिवसाला दीडशे ग्रॅम तांदूळ येतो. उपाशीपोटी अपूर्णांक शिकवून बघा एकदा.

राहिले फुकटपगारी. आहेत, आमच्यातही आहेत, नावं सगळ्यांना ठाऊक असतात. पण त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ही कामं शिक्षकांना लावायची मुभा आहे. मतदार यादी घेऊन मी दारोदार फिरत असतो तेव्हा माझा वर्ग शेजारच्या बाईंच्या वर्गात बसलेला असतो, दोन इयत्ता एकाच फळ्यासमोर.