जुना कूलर नगदी विकला तर गुन्हा होत नाही

मार्च लागला की नागपुरात गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. कुणी ताट्या बदलतो, कुणी जुना कूलर काढून टाकतो. नेमका आत्ताच आमच्या गल्लीच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'जुनी वस्तू रोखीने घेणे-विकणे कायद्याने बंद. दोघांनाही दंड. दहा हजारांवर रोख चालणार नाही. अमेरिकेत झाले, आता भारतातही.' तो वाचून शेजारच्या काकूंनी दारात आलेल्या कबाडीवाल्याला परत पाठवलं. 'माझ्याकडे नगदच आहे जी,' एवढंच तो म्हणाला आणि हातगाडी ढकलत गेला. त्याचा दिवस बुडाला, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून मेसेजमधलं एकेक वाक्य घेतो.

'जुन्या वस्तूंना रोख बंद.' घरातल्या जुन्या वस्तूंसाठी अशी वेगळी बंदी आपल्याकडे नाही. आयकर कायदा वस्तू नवी की जुनी हे बघत नाही, रक्कम बघतो. १ एप्रिल २०१७ पासून २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारता येत नाही: एका माणसाकडून एका दिवसात, एका व्यवहारापोटी किंवा एकाच प्रसंगानिमित्त. जुनी गाडी विकून आज सव्वा लाख आणि उद्या सव्वा लाख घेतले, अशी तोड करूनही सुटका नाही, कारण गाडी एकच आणि सौदाही एकच.

'दोघांनाही दंड.' चूक. या नियमाचा दंड पैसे स्वीकारणाऱ्याला बसतो आणि तो घेतलेल्या रकमेइतका असू शकतो. अडीच लाख रोख घेऊन जुनी कार विकली, तर अडीच लाख धोक्यात येतात ते विकणाऱ्याचे. मेसेजने लोकांना हजार-दीड हजारांच्या कूलरवरून घाबरवलं आणि जिथे खरंच सांभाळायला हवं ते सांगितलंच नाही.

'दहा हजारांवर रोख नाही.' ही समजूत कुठून आली ते इतवारीच्या सराफ्यात कळतं. जुनी पाटली मोडायला गेलात तर सराफ म्हणतो, 'दहा हजारांवर रोख देत नाही, खात्यात टाकतो.' त्याचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. व्यापाऱ्याने एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर साधारणपणे तो खर्च त्याला नफ्यातून वजा करता येत नाही आणि कर वाढतो. हा त्याच्या हिशेबाचा प्रश्न आहे. पाटली मोडणाऱ्या बाईने कोणताही गुन्हा केलेला नसतो. शेजाऱ्याकडून घरासाठी पंधरा हजारांचा जुना फ्रिज नगदी घेणाऱ्याला तर हा नियम लागूच होत नाही.

'अमेरिकेत झाले.' अख्ख्या अमेरिकेत नाही, लुइझियाना या एका राज्यात, २०११ साली. तेही जुना माल विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांनी रोख मोजू नये म्हणून, आणि त्यामागे तांब्याच्या चोरीची चिंता होती. इंग्लंड आणि वेल्समध्येही डिसेंबर २०१२ पासून भंगार व्यापारी धातूचे पैसे रोख देऊ शकत नाहीत. केबलचं प्लास्टिक जाळलं की ते तांबं कुणाचं हे ओळखता येत नाही, म्हणून निदान पैशाचा माग राहावा, हा हेतू. तो मला पटतो. कूलरच्या मोटरमधली तांब्याची वाइंडिंग आपल्याकडेही चोरांना हवीच असते.

चोरीच्या मालाबद्दल मात्र आपला कायदा स्पष्ट आहे. माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून, अप्रामाणिकपणे घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे यूपीआयने दिले म्हणून तो माल स्वच्छ होत नाही. म्हणून जुना मोबाइल घेताना *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे त्या मोबाइलचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. दुचाकी विकली असेल तर चौदा दिवसांत आरटीओला कळवा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की नोंदीवर नाव ज्याचं, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच.

कूलरला आरटीओ नाही. काकूंना मी एवढंच सुचवलंय की वहीच्या पानावर तारीख, रक्कम आणि दोन सह्या घ्या. रविवारी कबाडीवाला पुन्हा येतो, तेव्हा त्या त्याला स्वतः हाक मारणार आहेत.