आधी वर्गात बसू द्या, मग इलेक्टिव्ह निवडू द्या

जून-जुलै आला की नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांचे मेसेज सुरू होतात. कुणाचा मुलगा, कुणाची भाची कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या किंवा शेवटच्या वर्षाला गेलेली असते आणि कॉलेजने इलेक्टिव्हचा, म्हणजे यादीतून निवडायच्या ऐच्छिक विषयांचा, गूगल फॉर्म पाठवलेला असतो. "ताई, क्लाउड घ्यायला सांगू की सायबर सिक्युरिटी? स्कोप कशाला आहे?" फॉर्म बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच बंद होणार असतो, म्हणून उत्तरही लगेच हवं असतं.

मी आधी नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होते. आता जर्मनीच्या पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात काम करते आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांचे सरावाचे तास घेते. इलेक्टिव्हची निवड मी दोन्हीकडे शिक्षकाच्या बाजूने पाहिली आहे. म्हणून स्कोपच्या प्रश्नाला मी हल्ली उलट प्रश्न करते: तो विषय तुमच्याकडे शिकवणार कोण आहे, आणि दोन आठवडे बसून नाही आवडला तर बदलता येतो का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी "नाही" असतं. माझा सगळा राग त्या "नाही"वर आहे.

आपल्याकडची चर्चा यादीभोवती फिरते. सिलॅबस जुनाट आहे, एआय आणा, ब्लॉकचेन आणा, डेटा सायन्स आणा, असा एक पक्ष. आधी पाया पक्का करा म्हणणारा दुसरा. नव्या शैक्षणिक धोरणानंतर त्यात मल्टिडिसिप्लिनरी मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आपल्या शाखेबाहेरच्या विषयांची भर पडली. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादाच काढली, त्यामुळे कॉम्प्युटर आणि तिच्या भावंड शाखांचे वर्ग वाढतच आहेत. वर्ग वाढले की शिक्षक लागतात, हा मुद्दा मात्र त्या चर्चेत शेवटी येतो, कधी कधी येतच नाही.

यादीबद्दल माझंही मत आहे, ते आधी सांगून टाकते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ पॅटर्नमध्ये बीई कॉम्प्युटरच्या सातव्या सत्रात ब्लॉकचेन सगळ्यांना सक्तीचा होता आणि कंपायलर्स, म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचा विषय, हा चौथ्या इलेक्टिव्हच्या पाच पर्यायांपैकी एक. माझ्या मते हे उलट हवं होतं. आपण लिहिलेली ओळ यंत्राला समजेपर्यंत तिचं काय काय होतं, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने छोटा पार्सर, म्हणजे त्या ओळीची रचना ओळखणारा कंपायलरचा भाग, लिहून पाहिलं, त्याची कुठल्याही नव्या भाषेची भीती कायमची जाते. आणि हा विषय जुना झालेला नाही. मशीन लर्निंगचं मॉडेल ग्राफिक्स प्रोसेसरवर वेगाने चालवणं हे आज मोठ्या प्रमाणात कंपायलरचंच काम आहे. त्यात जागोजागी वापरला जाणारा एलएलव्हीएम हा कंपायलर बांधण्याच्या साधनांचा प्रकल्प २००० साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाला. तो सुरू करणाऱ्या दोघांपैकी प्राध्यापक विक्रम अडवे हे आयआयटी मुंबईचे विद्यार्थी.

पण यादी कितीही चांगली केली तरी कॉलेजात काय होतं ते मला माहीत आहे. यादीत पाच विषय असतात, चालतात दोन. कधी एकच. स्टाफ नाही, लॅब नाही, किमान संख्या भरत नाही. फॉर्म भरून घेतला जातो आणि मग "बहुमताने" पूर्ण डिव्हिजनला एकच इलेक्टिव्ह लागतो. एखाद्या मुलीला ह्यूमन कॉम्प्युटर इंटरफेस खरंच शिकायचा असतो. ती एकटी पडते, म्हणून बाकीच्यांबरोबर जाते. मुलांच्या निवडीचे निकषही मी ऐकले आहेत. लोकल ऑथरचं पुस्तक निघालंय का, मागच्या वर्षी पेपर कसा आला होता, न्युमेरिकल्स आहेत की नुसती थिअरी, मॅडम टर्मवर्कला मार्क देतात का. यावरून मुलांना नावं ठेवायला माझं मन धजत नाही. ७० मार्कांचा एन्ड-सेम पेपर भलताच कुणी काढणार, तपासणार आणखी कुणी, विषय एकदा लागला की सुटका नाही, आणि केटी लागली, म्हणजे विषय राहिला, तर प्लेसमेंटला बसता येईलच याची खात्री नाही. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस सगळ्यात कमी धोक्याचा विषय शोधेल.

जर्मनीत या गोष्टींचा क्रमच वेगळा आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर व्याख्यानं सुरू होतात. विद्यार्थी आपल्याला वाटेल त्या व्याख्यानाला जाऊन बसतो, बहुतेक ठिकाणी त्याला कुणी अडवत नाही. प्रत्येक विषयाची माहिती मॉड्यूलच्या पुस्तिकेत छापलेली असते: आधी काय यायला हवं, किती तासांचं काम आहे, परीक्षा लेखी की तोंडी. साधारण ३० तासांच्या कामाला १ क्रेडिट असा हिशेब असतो. म्हणजे ६ क्रेडिटच्या विषयाला १८० तास, आणि सत्राला ३० क्रेडिट. परीक्षेची नोंदणी ही वेगळी गोष्ट आहे आणि ती बऱ्याच विद्यापीठांत काही आठवड्यांनी होते. तोवर माझे विद्यार्थी सहा-सात विषयांना बसलेले असतात, त्यातले चार-पाच ठेवतात, बाकीचे सोडतात. सोडल्याची कुठेही नोंद राहत नाही.

या मधल्या आठवड्यांत जे घडतं त्याला माझ्या दृष्टीने सगळ्यात जास्त किंमत आहे. पहिल्या व्याख्यानात सगळेच विषय सुंदर वाटतात. खरी ओळख होते ती पहिल्या गृहपाठाच्या कागदावर. डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्स हे नाव ऐकून उत्साहाने आलेला मुलगा तो कागद घेऊन रात्रभर बसतो. सकाळी त्याला एक तर कळतं की हे आपलं नाही, किंवा कळतं की हे कठीण आहे पण सोडून देववत नाही. दुसऱ्या प्रकारच्या मुलाला पुढे कुणी स्कोप सांगावा लागत नाही. आपल्या फॉर्ममध्ये या रात्रीला जागाच नाही. विषयाचं नाव वाचून निवड करायची आणि तो कागद पाहायचा थेट सबमिशनच्या आठवड्यात, तेव्हा तो मित्राच्या फाइलवरून उतरवला जातो.

दुसरी गोष्ट शिक्षकाची. इथे इलेक्टिव्ह शिकवणारा प्राध्यापक बहुधा त्याच विषयात संशोधन करत असतो. अभ्यासक्रम तो ठरवतो, पेपर तोच काढतो, त्याच्याच गटातले लोक तपासतात. वर्ग लहान असेल तर लेखी पेपरऐवजी अर्ध्या तासाची तोंडी परीक्षा होते. "ही सिद्धता मला समजावून सांग," इथून सुरुवात करून प्राध्यापक विद्यार्थ्याला त्याच्या आकलनाच्या टोकापर्यंत नेतो. लेखी परीक्षा असेल तर तपासलेला पेपर पाहायचा दिवस ठरलेला असतो. तिथे विद्यार्थी बसून आपले मार्क पडताळतो, हरकत घेतो. नाशिकला माझे एक सहकारी होते, नेटवर्क्समध्ये त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांना वर्षानुवर्षं वर्कलोड भरायला मिळेल तो विषय शिकवावा लागला. असा माणूस आवडीचा विषय स्वतःच्या पद्धतीने शिकवू शकला असता, तर त्या मुलांना काय मिळालं असतं, याचा विचार मी आजही करते.

या मोकळेपणाची किंमत जबर आहे आणि ती इथे आलेल्या आपल्या मुलांना फार मोजावी लागते. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत जवळपास ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त. त्यातले पुष्कळ जण पहिल्याच सत्रात नावात "लर्निंग" असलेले सगळे विषय एकदम उचलतात. इथे इंटर्नलचे मार्क नसतात, हजेरी नसते, वर्गशिक्षिका घरी फोन करत नाही. गणित आणि प्रॉबेबिलिटी कच्ची आहे हे फेब्रुवारीत, परीक्षेच्या टेबलावर कळतं. अनेक विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. सक्तीच्या विषयात तिसऱ्यांदा नापास झालं की प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडेही पुढे शिकता येत नाही. एक सत्र जरी लांबलं तरी खर्च किती? व्हिसासाठी राहणीखर्च म्हणून वर्षाला ११,९०४ युरो दाखवावे लागतात, म्हणजे सहा महिन्यांचे जवळपास सहा हजार. बँकेचं कर्ज काढून आलेल्या मुलाला तिसऱ्या संधीच्या आदल्या दिवशी मी धीर दिला आहे. तेव्हा आपल्याकडची वर्गशिक्षिका किती मोलाची असते, हे मला नव्याने कळलं. म्हणून जर्मनीतलं सगळं जसंच्या तसं आपल्याकडे आणा, असं मी कधीच म्हणणार नाही.

आपल्याकडच्या, सगळ्या कॉलेजांना विद्यापीठाचा एकच पेपर या पद्धतीचीही एक बाजू आहे, आणि ती मला मनापासून मान्य आहे. येवल्याहून किंवा संगमनेरहून आलेली मुलगी पुण्याच्या मोठ्या कॉलेजातल्या मुलासारखाच पेपर देते, तिच्या गुणपत्रिकेला तीच किंमत असते. प्रत्येक कॉलेजला आपापला पेपर काढू दिला तर लहान कॉलेजच्या मार्कांवर कुणी विश्वास ठेवेल का, ही शंका रास्त आहे. त्यावर माझं उत्तर असं: कोअर विषयांचा पेपर एकच ठेवा. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस यांत सगळ्यांना एकाच मापाने मोजा. इलेक्टिव्ह मात्र शिकवणाऱ्याच्या हाती द्या. चार-पाच विषयांत मार्क थोडे कमी-जास्त झाले तर काही बुडत नाही. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या तसंही ॲप्टिट्यूड आणि डेटा स्ट्रक्चर्सच विचारतात, इलेक्टिव्हचं नावही घेत नाहीत.

जर्मनीत यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांना एक गोष्ट लवकर सांगायला हवी, कारण ती बहुतेकांना अर्ज भरताना कळते. कॉम्प्युटर सायन्सच्या मास्टर्सला प्रवेश देताना अनेक जर्मन विद्यापीठं तुमच्या पदवीचे विषय एकेक करून तपासतात: गणित किती, थिअरी ऑफ कम्प्युटेशन आणि अल्गोरिदम किती, सिस्टिम्स किती. टक्के उत्तम असूनही थिअरीचे क्रेडिट कमी पडले म्हणून नकार आलेले अर्ज मी पाहिले आहेत. तिसऱ्या वर्षी स्कोरिंग म्हणून घेतलेला सॉफ्टवेअर प्रोजेक्ट मॅनेजमेंट या तपासणीत फारसा कामाला येत नाही. सिलॅबसची प्रत, तासांसकट, जपून ठेवा.

जागा कमी आणि मुलं जास्त, ही अडचण जर्मनीतही आहे. सेमिनार आणि प्रॅक्टिकलला ठरावीक जागा असतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात त्यासाठी विद्यार्थी आपला पसंतीक्रम देतात, शिकवणारे आपला देतात, आणि दोन्ही जुळवून वाटप होतं. यामागचं गणित डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ साली मांडलं. त्याच कामासाठी शॅप्लींना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याला हे परकं नाही. इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेशात, म्हणजे कॅप राउंडला, अख्ख्या राज्यातली मुलं ऑप्शन फॉर्म भरून पसंतीक्रम देतातच. तीच मुलं कॉलेजात आल्यावर त्यांना बहुमताने हाकायचं कशाला? हा अल्गोरिदम तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका दुपारी लिहू शकतो. कॉलेजनेच तो मिनी-प्रोजेक्ट म्हणून द्यावा.

स्वायत्त कॉलेजांना तर यासाठी कुणाची परवानगीही मागावी लागणार नाही. सत्राचे पहिले दोन आठवडे सगळे इलेक्टिव्ह उघडे ठेवा. प्रत्येक शिक्षकाने दुसऱ्या आठवड्यात एक खरा, अवघड गृहपाठ द्यावा. फॉर्म त्यानंतर भरून घ्या. वेळापत्रक थोडं विस्कटेल, ते सांभाळता येतं. आणि पाच-सहा जणांनाच हवा असलेला विषय रद्द करण्याआधी शेजारच्या कॉलेजला फोन करा. यूजीसीने २०२१ पासून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम् या सरकारी ऑनलाइन मंचावरून घ्यायला मुभा दिली आहे, त्याच वर्षी वेगवेगळ्या संस्थांतले क्रेडिट जमा ठेवणारी क्रेडिट बँकही आली. आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या एनपीटीईएलवर कंपायलरचा कोर्स आहे, पण घरी एकट्याने व्हिडिओ बघणारी मुलं मध्येच सोडून देतात. नाशिकमधली तीन-चार कॉलेजं मिळून हे करू शकतात: प्रत्येकाकडची पाच-सहा मुलं, दर शनिवारी एका कॉलेजची लॅब, व्हिडिओ आठवडाभर ज्याने त्याने बघायचे आणि शनिवारी ज्याला कंपायलर मनापासून आवडतो असा एक शिक्षक त्यांच्याकडून पार्सर लिहून घेणार. असे शिक्षक आहेत. माझ्या ओळखीत दोन आहेत, आणि दोघांनाही यंदा भलतेच विषय लागले आहेत.