‘जखम उकरू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गोव्यातल्या मराठी व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. देवस्थानाच्या गटावर, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर, नातेवाइकांच्या गटावर, सगळीकडे तोच. त्याचा सारांश असा: अपघात, अत्याचार, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू हे पूर्वीचे लोकही सोसत होते, त्यांना कधी ‘ट्रॉमा’ झाला नाही. हे खूळ परदेशातून आले. खंबीर माणसाला काही होत नाही, काळ हेच औषध. समुपदेशक जुनी जखम उकरून माणसाला आणखी आजारी करतात, डॉक्टर गोळ्यांची सवय लावतात, आणि हे सगळे पैसेवाल्यांचे चोचले. प्राणायाम करा, देवाचे नाव घ्या, विषय काढू नका.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण ‘विषय काढू नका’ हा सल्ला ज्याला दिला जातो, त्याच्यावर त्याचा काय परिणाम होतो हे मी घरात पाहिले आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितो.

परदेशी खुळाची गोष्ट आधी संपवू. आघातोत्तर ताणाच्या विकाराला, म्हणजे पीटीएसडीला (भयंकर घटनेनंतर दचकणे, दुःस्वप्ने, टाळाटाळ चालूच राहण्याला), अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 साली जागा मिळाली. त्याआधी 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची अशीच लक्षणे ‘शेल शॉक’ या नावाने नोंदवली होती. नाव नवे, त्रास जुना. आपल्याकडेही नदीत भाऊ बुडाल्यावर पुन्हा कधी काठावर न गेलेली, रात्री ओरडत उठणारी माणसे होतीच. धसका घेतलाय म्हणायचे आणि सोडून द्यायचे. पूर्वी कुणाला काही होत नव्हते असे नाही. कुणी विचारत नव्हते.

‘काळ हेच औषध’ हे मात्र अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते पटते. अमेरिकेत 1992 मध्ये बार्बरा रॉथबॉम, एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी बलात्कार झालेल्या स्त्रियांची दर आठवड्याला पाहणी केली. सुमारे 2 आठवड्यांनी 94 टक्के स्त्रियांमध्ये पीटीएसडीची लक्षणे पूर्ण स्वरूपात होती. 3 महिन्यांनी हे प्रमाण 47 टक्क्यांवर आले. म्हणजे निम्म्या जणींना काळाने हात दिला. उरलेल्यांचे काय? रोनाल्ड केसलर यांच्या 1995 च्या मोठ्या सर्वेक्षणात उत्तर मिळते: पीटीएसडी झालेल्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोक अनेक वर्षांनंतरही बरे झालेले नव्हते. आता त्यांनी आणखी किती काळ थांबायचे? आणि खंबीरपणाचे म्हणाल, तर त्याच सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक लोकांनी आयुष्यात एखादा तरी मोठा आघात सोसला होता, पण पीटीएसडी झालेले 7.8 टक्केच होते. बलात्कारानंतर हे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर जाते. काय घडले यावर पुष्कळ काही ठरते. त्या बाईच्या स्वभावात खोट काढायचा आपल्याला काहीएक अधिकार नाही.

आता मुख्य मुद्दा, जखम उकरण्याचा. इथे मेसेजला एक गोष्ट द्यायला हवी. घटना घडल्या घडल्या माणसाला बसवून सगळे वदवून घेण्याची एक पद्धत 1980 च्या दशकात अमेरिकेत रूढ झाली होती, आणि ती खरोखरच चुकीची ठरली. जोनाथन बिसन यांनी 1997 मध्ये भाजलेल्या रुग्णांवर ती तपासली, तेव्हा 13 महिन्यांनी असे ‘बोलते’ केलेल्यांपैकी 26 टक्क्यांना पीटीएसडी होता. ज्यांना काहीच केले नव्हते त्यांच्यात 9 टक्के. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या 2002 च्या कोक्रेन आढाव्याने ही सक्ती बंद करा असे स्पष्ट लिहिले. 3 मे 2025 च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. तिथून घरी परतलेल्या धोंडाला, म्हणजे देवीच्या व्रतस्थ भक्ताला, त्याच दिवशी समोर बसवून ‘सांग, काय पाहिलेस?’ म्हणणे नकोच. पाणी द्या, जेवू घाला, त्याची माणसे जवळ आणा, तो आपणहून बोलला तर ऐका. जागतिक आरोग्य संघटनेची मानसिक प्रथमोपचाराची 2011 ची मार्गदर्शिका साधारण हेच सांगते.

पण पहिल्या दिवशी न विचारणे वेगळे आणि जन्मभर विषय न काढणे वेगळे. मेसेजने दोन्हींची गल्लत केली आहे, आणि माझा सगळा राग त्या गल्लतीवर आहे.

भीती टिकते ती टाळण्यामुळे. माझ्या मावसभावाचे उदाहरण देतो. खाणी जोरात होत्या तेव्हाची, 2012 च्या बंदीपूर्वीची गोष्ट. सावर्डे-कुडचडे भागात त्याच्या दुचाकीला खनिजाच्या ट्रकची धडक बसली. मागे बसलेला मित्र जागीच गेला, हा वाचला. त्यानंतर त्याने तो रस्ता सोडला. मग ट्रक दिसेल असा कुठलाही रस्ता. मग मित्राच्या घरच्यांची लग्नकार्ये. पुढेपुढे एअर ब्रेकचा फुस्स आवाज आला की तो दुकानाच्या आत निघून जायचा. दर वेळी टाळले की पाच मिनिटे बरे वाटायचे, आणि त्या बरे वाटण्यातूनच मन शिकायचे की टाळले म्हणून वाचलो. धोका आता उरलेला नाही, हे कळायची संधीच मनाला मिळत नव्हती. घरात सगळे प्रेमाने सांभाळून घ्यायचे, त्याच्यासमोर मित्राचे नाव काढायचे नाहीत. विचारले तर म्हणायचा, ‘‘हांव बरो आसां.’’

विचार दाबून विसरता येत नाहीत हेही तपासून झाले आहे. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तो येतच राहिला, आणि नंतर मोकळीक दिल्यावर, सुरुवातीपासून मोकळे असलेल्यांपेक्षाही जास्त आला. अस्वलाची ही तऱ्हा, तर ट्रकखाली गेलेल्या मित्राचे काय होत असेल!

एडना फोआ यांनी विकसित केलेली ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ ही पद्धत नेमकी उलट्या दिशेने जाते, पण सावकाश आणि संमतीने. साधारण 8 ते 15 बैठका. आधी हे का करायचे ते समजावून सांगतात. मग माणूस डोळे मिटून ती घटना वर्तमानकाळात, आत्ता घडते आहे असे सांगतो. मधूनमधून समुपदेशक विचारतो, अस्वस्थता 0 ते 100 मध्ये किती? सांगून झाले की पुन्हा पहिल्यापासून. रेकॉर्डिंग घरी नेऊन ऐकायचे. दुसरीकडे टाळलेल्या गोष्टींची चढती यादी करून एकेक पायरी घ्यायची. भावाच्या यादीत पहिली पायरी हमरस्त्यापासून लांब उभे राहणे ही होती. मग रस्त्याकाठच्या गाड्यावर बसून चहा. मग दुसऱ्याच्या मागे बसून जाणे. सगळ्यात शेवटी त्या वळणावर स्वतः गाडी थांबवणे. काही आठवडे त्याला फार जड गेले, झोप आणखी बिघडली, हे लपवत नाही. पण एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, ‘‘आतां म्हाका ताचें नांव घेवंक जाता.’’ (आता मला त्याचे नाव घेता येते.)

एका माणसाच्या अनुभवावरून शास्त्र ठरत नाही, म्हणून त्यापलीकडचेही सांगतो. अशा बैठकांनी त्रास वाढतो का, हे फोआ यांच्या गटाने 2002 मध्ये स्वतंत्रपणे पाहिले. थोड्याच रुग्णांची लक्षणे मध्ये वाढली, आणि ज्यांची वाढली त्यांनाही शेवटी इतरांइतकाच फायदा झाला. ज्यांना तपशील सांगणे नको असते त्यांच्यासाठी पॅट्रिशिया रेसिक यांची 12 बैठकांची पद्धत आहे. ‘चूक माझीच’, ‘आता कुणावर विश्वास नाही’ अशा रुतून बसलेल्या विचारांवर तिच्यात काम होते. नुसत्या चिंतेच्या झटक्यांत, म्हणजे छाती धडधडली की हार्ट अटॅकच आला असे वाटून माणूस रात्री इस्पितळ गाठतो तेव्हाही, धडधडीला सामोरे जाऊन तिचा चुकीचा अर्थ सोडवणे हाच गाभा असतो.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. मेसेज सगळ्या गोळ्या एकाच माळेत ओवतो. अल्प्राझोलमसारख्या, चिंता तात्पुरती शमवणाऱ्या गोळ्यांची सवय लागते हे खरे. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात त्या जातीची औषधे देऊ नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच म्हटले आहे. जुनी चिठ्ठी दाखवून त्या फार्मसीतून आणत राहणे घातकच. सर्ट्रालीन किंवा पॅरॉक्सेटीन ही नैराश्यविरोधी, वेगळ्या जातीची औषधे आहेत. ती असर दाखवायला काही आठवडे घेतात, त्यांची नशा चढत नाही. मात्र एकदम थांबवली तर त्रास होतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच हळूहळू कमी करायची.

प्राणायामाशी कुणाचे भांडण नाही. बेसेल व्हॅन डर कोक यांनी 2014 मध्ये दीर्घकाळ पीटीएसडी असलेल्या 64 स्त्रियांवर केलेल्या चाचणीत 10 आठवड्यांच्या योगवर्गानंतर 52 टक्के जणी निदानातून बाहेर आल्या. नुसत्या आरोग्यविषयक वर्गाला बसलेल्यांत 21 टक्के. देवळात गाऱ्हाणे घालून कुणाला धीर येत असेल तर तोही हवाच. माझी हरकत ‘हे करा म्हणजे ते नको’ या वाक्याला आहे.

राहिले पैसेवाल्यांचे चोचले. हे वाचून मला सर्वांत वाईट वाटले, कारण याचे उत्तर जगाला गोव्याने दिले आहे. 1996 साली मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी इथे ‘संगाथ’ ही मानसिक आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली. तिच्या पुढाकाराने गोव्यातल्या 12 सरकारी आरोग्य केंद्रांत आणि 12 खासगी दवाखान्यांत ‘मानस’ ही चाचणी झाली. 2010 मध्ये ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. चिंता आणि नैराश्य असलेले 2,700 हून अधिक रुग्ण तिच्यात होते. समुपदेशन केले ते वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या, खास प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक स्त्रियांनी. सरकारी केंद्रांत 6 महिन्यांनी त्यांच्याकडे गेलेल्यांपैकी 65.9 टक्के बरे झाले, एरवीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 42.5 टक्के. खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही. म्हणजे ज्या रांगेत गरीब उभे असतात, नेमका तिथेच फायदा दिसला.

मानस पीटीएसडीवर नव्हती, हे खरे. पण 2013 मध्ये काँगोत लैंगिक हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांसाठी रेसिक यांचीच पद्धत गटाने राबवली गेली, आणि राबवणाऱ्या स्थानिक सहायिका प्राथमिक शाळेपुढे काही वर्षे शिकलेल्या होत्या. 6 महिन्यांनी गटातल्या 9 टक्के स्त्रियांमध्ये चिंता वा नैराश्य उरले, नुसता आधार मिळालेल्यांत 42 टक्के. पीटीएसडीबाबतही चित्र असेच होते.

आपल्याकडे बांबोळीला मनोविकार इस्पितळ आहे, सरकारी. टेली-मानस या सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालू आहे, फोन फुकट लागतो. घटनेला महिना उलटून गेला आणि तरी दचकणे, दुःस्वप्ने, टाळाटाळ चालूच असेल, तर तिथे जाऊन एवढे जरूर विचारा: तुम्ही नुसत्या गोळ्या देणार, की त्या आठवणीवर काम करणारे समुपदेशनही आहे?