चर्चच्या शाळेची बस, कौन्सिलचा पैसा

इंग्लंडमधल्या आमच्या काउंटी कौन्सिलने, म्हणजे जिल्हा परिषदेसारख्या स्थानिक संस्थेने, अखेर ठरवलं: नव्याने प्रवेश घेणाऱ्या मुलांना कॅथलिक शाळेपर्यंत फुकट बस मिळणार नाही. बसमध्ये जागा उरली तर विकत घ्या, वर्षाला काही शे पौंड मोजून. आधीपासून जाणारी मुलं तेवढी शाळा संपेपर्यंत फुकट जातील. आमच्या शेजारी गोव्यातल्या सासष्टीहून आलेलं कॅथलिक कुटुंब राहतं. त्यांची थोरली त्या बसने फुकट जाते, धाकट्याला सप्टेंबरपासून पैसे पडणार. घर एक, थांबा एक, बस एक. "आतां कितें करप?" म्हणत ते कागद घेऊन आले आणि मी, फोंड्याचा हिंदू, त्यांच्या अपिलाचा फॉर्म भरायला बसलो.

कायदा वरवर सरळ आहे. आठ वर्षांखालच्या मुलाची जवळची शाळा दोन मैलांहून लांब असेल, मोठ्या मुलाची तीन मैलांहून, तर नेण्या-आणण्याचा खर्च कौन्सिलचा. तीन मैलांचा हा आकडा 1870 च्या शिक्षण कायद्यापासून चालत आलाय. साधी शाळा दीड मैलावर आणि कॅथलिक शाळा सात मैलांवर असेल, तर कौन्सिलच्या लेखी दीड मैलावरचीच तुमची शाळा. दुसरी ही तुमची हौस. त्या हौसेला आजवर मिळालेली बस ही कौन्सिलची मर्जी होती, सक्ती नव्हे. 2010 नंतर केंद्राकडून येणारा पैसा आटत गेला तशी अनेक कौन्सिलांनी ही मर्जी आवरती घेतली.

गरिबांसाठी 2006 च्या कायद्यात सोय आहे. कमी उत्पन्नाच्या घरातलं 11 ते 16 वयाचं मूल धर्मासाठी लांबची शाळा निवडत असेल आणि ती पंधरा मैलांच्या आत असेल, तर प्रवास फुकट. पैसेवाल्यांच्या दारात गाडी असते. मरतो तो मधला. माझे शेजारी रात्रपाळीला गोदामात, त्यांची बायको सकाळी सहाला केअर होममध्ये; दोघांचा पगार मिळून मर्यादेच्या जरासा वर. पोराला सात मैल सोडणार कोण?

बसविरोधकांचं म्हणणं मला अर्धं पटतं. एकाच्या धर्माचा प्रवासखर्च दुसऱ्याने का उचलावा? सरकारी पैशावर चालणारी पहिली हिंदू शाळा इथे 2008 साली लंडनच्या हॅरोमध्ये निघाली. आमच्या काउंटीत तसलं काही नाही, त्यामुळे आमच्यासाठी बसचा प्रश्नच उद्भवत नाही. पण मग पुढचंही बोला. 1944 च्या कायद्याने चर्चच्या शाळा सरकारी व्यवस्थेत घेतल्या, आणि आज इंग्लंडमधल्या सरकारी पैशावरच्या शाळांपैकी जवळपास एक तृतीयांश धार्मिक आहेत. खेड्यात तर बऱ्याचदा चर्च ऑफ इंग्लंडची शाळा हीच एकमेव. माझी मुलगी तसल्याच शाळेत चालत जाते. नाताळच्या नाटकात डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ झाली होती. म्हणजे देव न मानणाऱ्याचं पोरही जवळ आहे म्हणून चर्चच्या शाळेत, आणि त्यावर कुणाची हरकत नाही. शिक्षकांचा पगार सरकारी, विजेचं बिल सरकारी. पाप लागतं ते फक्त डिझेलला.

गोव्यात आम्ही भांडलो ते अनुदानावरून आणि माध्यमावरून. शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, 1990 च्या सुमारास, प्राथमिकचं अनुदान मराठी आणि कोकणीपुरतंच ठेवलं गेलं आणि चर्चच्या शाळांनी कोकणी माध्यम घेतलं. 2011 मध्ये इंग्रजीलाही अनुदान देण्याचं ठरलं आणि त्याविरुद्ध मराठी-कोकणीची बाजू घेणारा भाषा सुरक्षा मंच रस्त्यावर उतरला. पर्रीकर सरकारने चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच ठेवलं, त्यावरून 2016 मध्ये संघाचे गोव्यातले प्रमुख सुभाष वेलिंगकर यांनी वेगळी चूल मांडली. या सगळ्या गदारोळात बालरथावर, म्हणजे गोवा सरकारच्या शाळा-बस योजनेवर, वाद झालेला मी ऐकला नाही. सरकार अनुदानित शाळेला बससाठी पैसे देतं, चालक-मदतनीस आणि इंधनासाठीही देतं. संस्था पाद्रींची की मठाची, हे बघत नाही. चालकांचे पगारासाठी संप होतात, तो भाग निराळा. इथे मात्र फुकट बस होती तेव्हासुद्धा फॉर्मला बाप्तिस्म्याचा दाखला जोडावा लागे. सरकारी बसमध्ये चढायला पाद्रीची सही! आपल्या घटनेचं कलम 30 अनुदान देताना अल्पसंख्याकांच्या संस्थेशी भेदभाव करू नका म्हणतं. मुलाचा धर्म तपासा असं कुठेच म्हणत नाही. एवढ्यापुरता गोवा मला इंग्लंडपेक्षा शहाणा वाटतो.

एवढ्यापुरताच. कारण बस दारात आली की वाड्यावरची सरकारी मराठी शाळा आणखी ओस पडते. इंग्रजीची ओढ हे मोठं कारण, मान्य. पण त्या ओढीला चाकं सरकारनेच लावली. माध्यमावर वर्षानुवर्षं मोर्चे काढणाऱ्यांनी कुठल्या शाळेला बस आहे आणि कुठल्या नाही, याचा हिशेब मांडायला हवा होता.

मला विचाराल तर सरकारी पैशावरच्या कुठल्याही शाळेची बस चालू ठेवावी, भाडं उत्पन्न बघून घ्यावं आणि दाखला कुणाकडेच मागू नये. वाटेतलं माझं पोर त्याच बसने पुढच्या साध्या शाळेपाशी उतरलं तर कुणाचं काय बिघडतं? बचतीचा मुद्दाही फुसका आहे. कौन्सिलच्या शाळा-प्रवासाच्या खर्चातला मोठा वाटा विशेष गरजा असलेल्या मुलांच्या टॅक्सी-मिनीबसवर जातो, आणि तो जायलाच हवा. कॅथलिक शाळेची बस त्यापुढे चिल्लर.

अपिलातून धर्म आम्ही काढून टाकलाय. दीड मैलावरच्या शाळेत अर्ज करताना जागा होती का, एवढंच विचारलंय. नसेल, तर ती त्यांची जवळची शाळा धरता येत नाही. पहिल्या पायरीवर अधिकाऱ्याने नकार दिला. आता समितीपुढे जायचंय.