उणे एकचं हे भूत उतरवा एकदाचं

फ्रंट = -१, रिअर = -१. डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलचं कुठलंही जर्नल उघडा, सर्क्युलर क्यूच्या पानावर ही ओळ असतेच. सर्क्युलर क्यू म्हणजे ठरावीक घरांची रांग: आधी आला तो आधी बाहेर, आणि शेवटच्या घरानंतर परत पहिलं घर. फ्रंट हा रांगेतल्या पहिल्या आयटमचा घर क्रमांक (इंडेक्स), रिअर शेवटच्याचा, आणि दोन्ही -१ म्हणजे रांग रिकामी. तोच कोड, तोच पाच घरांचा अ‍ॅरे, तेच चुकलेलं डिस्प्ले फंक्शन. एकाचं बघून दुसरा उतरवतो, सबमिशनला सही होते, व्हायवाला 'मॉड्युलो का वापरला?' एवढंच विचारतात. अहो, मॉड्युलो (%, म्हणजे भागाकाराची बाकी) दुसऱ्या मिनिटाला कळतो! हे उणे एक कशासाठी आहे, ते विचारा ना.

क्यूतला पहिला आयटम जिथे आहे ते घर आणि पुढचा जिथे जाणार ते घर एकच झालं, तर क्यू रिकामा की भरलेला? दोन्ही वेळा चित्र सारखंच. पाच घरांच्या क्यूत ० ते ५ आयटम असू शकतात, म्हणजे सहा अवस्था. दोन इंडेक्समधली वजाबाकी मॉड्युलो ५ केली की उत्तरं मात्र पाचच. एक अवस्था कमी पडते, सगळं दुखणं तिथे आहे. उणे एक म्हणजे त्या सहाव्या अवस्थेसाठी मारलेलं ठिगळ.

आणि ठिगळ तरी धड मारावं! पहिला आयटम टाकताना फ्रंट ० करायचा, शेवटचा काढताना दोन्ही परत -१ करायचे. यातलं दुसरं हमखास राहतं. समजा एकच आयटम आहे, फ्रंट २, रिअर २. तो काढला, फ्रंट ३ झाला. आता भरल्याची अट तपासा: (रिअर + १) % ५ म्हणजे ३, म्हणजेच फ्रंट. क्यू फुल! एसटी अख्खी रिकामी आणि कंडक्टर दारातून ओरडतोय, जागा नाही. काही महाभाग तर फ्रंट = ० आणि रिअर = -१ अशी खिचडी करून तीच अट लावतात. तिथे एकही आयटम न टाकता क्यू जन्मतःच भरलेला.

डिस्प्लेची तऱ्हा वेगळीच. आय फ्रंटपासून रिअरपर्यंत, आय <= रिअर. फ्रंट ३ आणि रिअर १ असेल तर काहीच छापलं जात नाही. मग कुणीतरी शहाणा ते आय != रिअर करतो आणि शेवटचा आयटम गायब होतो. वर रिकाम्या क्यूतून काढलं की -१ परत द्यायचा. डेटाच -१ असला तर? तापमानाचे आकडे साठवत असाल तर?

एवढा आटापिटा कशाला? हेड (पहिल्या आयटमचं घर) आणि काउंट (आत किती आयटम आहेत) ठेवा, दोन्ही ० पासून. टाकताना: काउंट == साइझ असेल तर फॉल्स परत द्या; नाहीतर (हेड + काउंट) % साइझ या घरात टाका, काउंट एकने वाढवा. काढताना: काउंट ० असेल तर फॉल्स; नाहीतर हेडच्या घरातलं घ्या, हेड = (हेड + १) % साइझ, काउंट एकने कमी. छापायचं तर काउंट इतक्या वेळा फिरा. खास केस एकही नाही. शेवटचा आयटम बघायचा असेल तर (हेड + काउंट - १) % साइझ, पण आधी काउंट ० नाही ना ते बघा. क्यू रिकामा आणि हेड ० असेल तर हे -१ % ५ होतं: सी आणि जावात -१, पायथनमध्ये ४. पायथनमध्ये चाललं म्हणून सीमध्ये उतरवलं की अ‍ॅरेबाहेरची मेमरी वाचून मोकळे.

काउंट सगळीकडे चालत नाही, तेही जर्नलात नसतं. इंटरप्ट (हार्डवेअरने हाक मारली की चालू काम थांबवून मधेच चालणारा कोड) काउंट वाढवतोय आणि मेन लूप कमी करतोय, तर वाचा-बदला-लिहाच्या मधेच इंटरप्ट घुसतो आणि एक बदल हरवतो. तिथे काउंट न ठेवता एक घर कायम रिकामं सोडायचं, म्हणजे भरलेला आणि रिकामा यांत गोंधळ नाही. इथे हेड म्हणजे पुढचा आयटम टाकायचं घर, टेल म्हणजे काढायचं: हेड फक्त इंटरप्टने लिहायचा, टेल फक्त मेन लूपने. आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाची सीरियल लायब्ररी वायरीवरून आलेले बाइट साठवताना हेच करते. बफर ६४ बाइटचा, मावतात ६३. ९६०० बॉडला (सेकंदाला ९६०० बिट) एका बाइटला १० बिट धरले तर सेकंदाला ९६० बाइट, म्हणजे साधारण ६६ मिलिसेकंदांत बफर फुल. ११५२०० बॉडला जेमतेम साडेपाच मिलिसेकंद. आणि लोक लूपमध्ये डिले(१०००), म्हणजे एक सेकंदाचा थांबा, टाकून 'डेटा गळतोय' म्हणून वायरी बदलत बसतात! भरलेल्या बफरवर आलेला बाइट गपचूप टाकून दिला जातो, वायरीचा काय संबंध?

तिसरी पद्धत लिनक्स कर्नलमधल्या तयार क्यूची, केफिफोची. इंडेक्स गुंडाळायचेच नाहीत, अनसाइन्ड (उणे न होणारे, कमाल आकड्यानंतर परत ० होणारे) ठेवून वाढू द्यायचे, वजाबाकी हाच काउंट, घर काढताना तेवढा मॉड्युलो. पण साइझ दोनचा घात हवी. ती अट न वाचता १० घरांना हे लावलं की १६ बिटी इंडेक्स ६५५३५ वर घर ५, आणि पुढच्याला घर ६ ऐवजी थेट ०. पासष्ट हजार आयटम टाकून टेस्ट करतंय कोण?

आणि भरल्यावर करायचं काय, हे तर कुणी ठरवतच नाही. जावाच्या अ‍ॅरेब्लॉकिंगक्यूमध्ये अ‍ॅड एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) फेकतं, ऑफर फॉल्स देतं, पुट थांबून राहतं. पायथनच्या डेकला (दोन्ही टोकांनी चालणाऱ्या रांगेला) मॅक्सलेन, म्हणजे कमाल लांबी, दिला की मागे जोडताना सगळ्यात जुना आयटम निमूटपणे उडतो. जर्नलात? फंक्शन व्हॉइड, म्हणजे काहीच परत न देणारं, आत एक प्रिंटएफ 'क्यू इज फुल'. बोलावणाऱ्या कोडला पत्ताच नाही की आयटम आत गेलाच नाही.

तपासताना तरी तीन आयटम टाकून दोन काढू नका. पूर्ण भरा, एक जास्तीचा टाकून नकार येतो का बघा, दोन काढा, दोन टाका, सगळे काढा, मग परत टाका. आणि साइझ १ देऊन चालवा. घर सोडण्याच्या पद्धतीत अ‍ॅरेच साइझ इतका घेतला असेल, तर तो क्यू एकही आयटम घेणार नाही. तिथे अ‍ॅरे साइझ + १ चा लागतो.