‘एकदा डेंग्यू झाला, आता भीती नाही’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

गणपतीनंतर कोकणात वाडीवाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. एकदा डेंग्यू होऊन गेला की कायमची प्रतिकारशक्ती येते. ताप उतरला की धोका संपला. पपईच्या पानांचा रस घेतला तर दवाखान्याची गरज नाही. रोज सोलकढी प्यायली तर विषाणू बाधत नाही. आणि तरीही ताप हटला नाही तर अँटिबायोटिकचा कोर्स करावा. माझ्या मावशीला तो चौघांनी पाठवला. दोन वर्षांपूर्वी डेंग्यू होऊन गेल्यामुळे ती यंदा निर्धास्त आहे, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे.

डेंग्यूचा विषाणू एक नाही, त्याचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराची लागण झाली त्याच्यापासून पुढे बहुधा जन्मभर संरक्षण मिळतं. मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. उरलेल्या तिघांपासून मिळणारं संरक्षण काही महिन्यांत ओसरू लागतं, आणि त्यानंतरची स्थिती डेंग्यू कधीच न झालेल्या माणसापेक्षा जास्त धोक्याची असू शकते.

कारण असं. अँटिबॉडी म्हणजे शरीराने जंतूविरुद्ध बनवलेलं प्रथिन. तिने विषाणूला चिकटून त्याची पेशीत शिरायची वाट अडवायची असते. जुन्या प्रकाराविरुद्ध तयार झालेली अँटिबॉडी नव्या प्रकाराला चिकटते खरी, पण त्याला निकामी करू शकत नाही. रक्तातल्या मोनोसाइट पेशी अशा अँटिबॉडीचं शेपूट पकडून तिला आत ओढतात. अडकलेला जंतू गिळून पचवणं हे त्यांचं रोजचं काम. इथे मात्र विषाणू जिवंतच आत जातो, आणि डेंग्यूला वाढायला नेमक्या याच पेशी लागतात. विषाणू भराभर वाढतो, त्याला उत्तर म्हणून शरीर दाहाची रसायनं सोडतं, आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून रक्तातलं पाणी झिरपू लागतं.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. क्युबात १९७७ साली डेंग्यू-१ची, म्हणजे चारांतल्या पहिल्या प्रकाराची, मोठी पण सौम्य साथ आली. १९८१ साली डेंग्यू-२ आला: ३,४४,२०३ रुग्ण, १५८ मृत्यू, त्यांत १०१ मुलं. गंभीर झालेल्या बहुतेकांना आधी डेंग्यू-१ होऊन गेला होता. १९९७ साली सान्तियागो दे क्युबा शहरात डेंग्यू-२ पुन्हा आला, तेव्हा पहिल्या लागणीला वीस वर्षं होऊन गेलेली मोठी माणसं गंभीर झाली. सहा-सात महिन्यांच्या तान्ह्या बाळांमध्येही हेच दिसतं: आईकडून आलेल्या अँटिबॉडी ओसरत असताना पहिलीच लागण जड जाऊ शकते. दुसरा डेंग्यू प्रत्येकाला जड जात नाही, बहुतेक बरे होतात. पण ‘मला होऊन गेलाय’ हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं वाक्य आहे, घरी बसायचं कारण नव्हे.

आता ताप उतरण्याबद्दल. डेंग्यूत झिरपणं सुरू होतं ते साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, ताप खाली येतानाच, आणि पुढचे २४ ते ४८ तास जपायचे असतात. सगळे रिपोर्टमध्ये प्लेटलेट शोधतात. त्याच कागदावर हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्हीची, म्हणजे रक्तात तांबड्या पेशी किती टक्के आहेत याची, ओळ असते, ती बघा. परवा ३६ होता आणि आज ४४ झाला, म्हणजे सुमारे २२ टक्के वाढला. रक्त वाढलेलं नसतं, त्यातलं पाणी बाहेर गेल्याने ते दाट झालेलं असतं. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, सहा तासांत लघवी न होणं, पेशंट गळून जाणं किंवा अस्वस्थ होणं, यातलं एकही दिसलं तर रात्र असली तरी निघा. तापाला पॅरासिटामॉलच, प्रौढाला ५०० ते ६५० मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान सहा तास. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, रक्तस्राव वाढू शकतो.

पपईचा रस: काही छोट्या चाचण्यांत प्लेटलेट थोड्या लवकर वाढल्या, हे मान्य. पण त्याने झिरपणं थांबतं किंवा जीव वाचतो, असं दिसलेलं नाही. कडू रसाने उलट्या झाल्या तर पाणी आणखी कमी होतं. सोलकढी प्या, चांगलीच असते. डासाने थेट कातडीत सोडलेल्या विषाणूला ती अडवत नाही. त्यापेक्षा होडीला बांधलेल्या जुन्या टायरांतलं आणि शाकारलेल्या होडीच्या ताडपत्रीवरचं पाणी आठवड्यातून एकदा ओता. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

राहिलं अँटिबायोटिक. विषाणूवर ते चालत नाही. पण आपल्याकडे शेताच्या चिखलातून, उंदराच्या मुतातून होणारा लेप्टोही (लेप्टोस्पायरोसिस) याच दिवसांत असतो. तो जिवाणूचा आजार, त्याला डॉक्सिसायक्लिनसारखं औषध लागतं आणि तेही लवकर. पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल होणं लेप्टोकडे बोट दाखवतं, पण नुसत्या लक्षणांवरून दोन्हींत फरक करणं डॉक्टरांनाही कठीण जातं. म्हणून ताप दोन दिवस टिकला की प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त द्या. पहिल्या पाच दिवसांत डेंग्यूची एनएस-१ तपासणी (रक्तात विषाणूचा अंश शोधणारी), त्यानंतर आयजीएम (अँटिबॉडी शोधणारी). आणि चिखलात उतरला असाल तर तेही न विसरता सांगा.