‘लिम्फोमा हा परदेशी आजार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक लांबलचक मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. माझ्याकडे तो चार ग्रुपांवरून आला, त्यातला एक आमच्या गावच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा. सार असं: लिम्फोमा (लसग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर) हा गोऱ्या लोकांचा आजार, भारतात नावाला. बर्किट नावाच्या डॉक्टरने आफ्रिकेत राहून सिद्ध केलं, की चोथ्याचं जेवण जेवणाऱ्यांना कॅन्सर होत नाही. जपानी माणसं मासे खातात, ग्रीन टी पितात, म्हणून तीही सुरक्षित. आपली माणसं अमेरिकेत गेली की मात्र त्यांना होतो. तेव्हा भाकरी-ताकावर राहा, आणि मानेत गाठ आलीच तर ती टीबीची समजा. तपासणीची सुई लावू देऊ नका, पसरते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. लसग्रंथींच्या गाठी मायक्रोस्कोपखाली पाहणं हे माझं रोजचं काम. या मेसेजचं शेवटचं वाक्य मला सगळ्यांत जास्त टोचलं, पण आधी बर्किट.

डेनिस बर्किट चोथ्याबद्दल बोलले, हे खरं आहे. पण ते 1970 च्या दशकात, आणि मुख्यतः मोठ्या आतड्याच्या आजारांबद्दल. त्याच्या कितीतरी आधी, 1957 साली, ते युगांडात कंपालाच्या मुलागो रुग्णालयात सर्जन होते. तिथे त्यांना एक लहान मूल दाखवण्यात आलं. वरचा-खालचा जबडा दोन्ही बाजूंनी सुजलेला, दात हलू लागलेले. थोड्याच दिवसांनी जिंजा गावच्या रुग्णालयात तसंच दुसरं मूल दिसलं. मग जुनी कागदपत्रं चाळताना अशी मुलं सापडतच गेली. 1958 साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. आज त्याला आपण बर्किट लिम्फोमा म्हणतो. म्हणजे ज्यांच्या नावाने हा मेसेज फिरतोय, त्यांचं नाव लागलेला लिम्फोमाच मुळी आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांचा. मुलं साधारण चार ते सात वर्षांची, आणि घरात जेवण चोथ्याचंच.

1961 मध्ये बर्किट दोन सहकाऱ्यांना घेऊन एका जुन्या फोर्ड गाडीतून निघाले. दहा आठवडे, सुमारे 16 हजार किलोमीटर. रुग्णालय आलं की थांबायचं, फोटो दाखवायचे, ‘असं मूल पाहिलंय का?’ विचारायचं. उत्तरं नकाशावर मांडली तेव्हा उष्ण आणि भरपूर पावसाचा एक पट्टा उमटला. उंचावरच्या थंड भागांत आजार जवळपास नव्हताच. पुढे लक्षात आलं, की हा नकाशा मलेरियाचा आहे. 1964 साली एप्स्टाइन, अचाँग आणि बार यांना याच गाठींच्या पेशींत एक विषाणू दिसला, तो एप्स्टाइन-बार विषाणू. जगातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या शरीरात तो आयुष्यभर मुकाट पडून असतो, तुमच्या-माझ्याही. मग जबड्याच्या गाठी त्याच पट्ट्यात का? तिथे अगदी लहानपणी विषाणू शिरतो आणि वर मलेरिया पुन्हा पुन्हा होत राहतो. बी-पेशींना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सतत वाढीची चिथावणी मिळते, विषाणूवरचा शरीराचा ताबा सैल पडतो, आणि एखाद्या पेशीत गुणसूत्रांचे तुकडे चुकीच्या जागी जोडले जातात.

आपल्याकडेही ही गाठ कधीमधी येते. तेव्हा ती बहुतेकदा जबड्यापेक्षा पोटात असते, आणि तिचा मलेरियाशी असा संबंध नसतो. स्लाइड एकदा पाहिली की विसरता येत नाही. गडद निळ्या पेशींचा गच्च पडदा आणि त्यात मेलेल्या पेशी गिळणाऱ्या मोठ्या, फिकट पेशींचे ठिपके. आमच्या भाषेत याला ताऱ्यांनी भरलेलं आकाश म्हणतात. गाठ इतक्या वेगाने वाढते, की एक-दोन दिवसांत पेशी दुप्पट होऊ शकतात. पण वेळेत केमोथेरपी मिळाली तर ती तितक्याच झपाट्याने विरघळते, आणि चांगले उपचार मिळालेली बहुतेक मुलं बरी होतात.

आता जपान. 1977 साली क्योटोमध्ये ताकात्सुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा आजार नोंदवला, प्रौढांमधला टी-पेशींचा (पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार) ल्युकेमिया-लिम्फोमा. त्यांचे बरेचसे रुग्ण जन्माने दक्षिणेकडच्या क्यूशू भागातले होते. कारण निघालं एचटीएलव्ही-1 हा विषाणू. तो मुख्यतः आईच्या दुधातून बाळाला मिळतो, पन्नास-साठ वर्षं गप्प बसतो आणि शंभरातल्या तीन ते पाच वाहकांना म्हातारपणाकडे झुकताना हा लिम्फोमा देतो. रक्ताच्या काचेवर त्या पेशीचं केंद्रक पाकळ्या फुटल्यासारखं दिसतं. कॅरेबियन बेटांतही हाच आजार आहे. मासे भरपूर खाणाऱ्या क्यूशूला माशांनी यापासून वाचवलं नाही. फरक पडला तो तपासणीने: 1987 पासून नागासाकीत गरोदर स्त्रियांची तपासणी सुरू झाली, वाहक आयांना वरचं दूध पाजायचा सल्ला मिळाला, आणि बाळांना होणारी लागण सुमारे 20 टक्क्यांवरून 3 टक्क्यांच्या आसपास आली. (आपल्याकडे हा विषाणू फारसा आढळत नाही. इथल्या आयांनी हे वाचून अंगावर पाजणं थांबवू नये, ही विनंती.)

‘भारतात नावाला’ हे वाक्य अर्धसत्य आहे. वयाचा फरक काढून टाकला तरी अमेरिकेतलं प्रमाण आपल्यापेक्षा कितीतरी पट जास्त दिसतं, हे मान्य. पण आपण दीडशे कोटींच्या आसपास माणसं आहोत. 2020 च्या जागतिक अंदाजानुसार एका वर्षात भारतात हॉजकिन हा एक प्रकार सोडून इतर लिम्फोमाचे सुमारे 35 हजार नवे रुग्ण होते. त्यात किती गाठी निदानाविनाच राहतात, हा वेगळा दुखरा विषय. शिवाय लिम्फोमा हे पन्नासहून अधिक आजारांचं एकत्रित आडनाव आहे. त्याचं एकच प्रमाण काढून देशांची तुलना केली की खरी गोष्ट हातातून निसटते. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून 2000 साली 2773 लिम्फोमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हळू वाढणारा फॉलिक्युलर लिम्फोमा साधारण 12-13 टक्के होता. युरोप-अमेरिकेत तो दर चार-पाच रुग्णांत एक असतो. आपल्याकडे पारडं झुकतं ते वेगाने वाढणाऱ्या, मोठ्या बी-पेशींच्या प्रकाराकडे. आणि आपले रुग्ण तिकडच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी तरुण असतात.

अमेरिकेत गेलेल्यांचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्यासारखा आहे. तिथे जन्मलेल्या आशियाई वंशाच्या लोकांत फॉलिक्युलर लिम्फोमाचं प्रमाण स्थलांतर करून गेलेल्यांपेक्षा जास्त आढळलंय. म्हणजे राहणीमानाचा, परिसराचा, लहानपणच्या जंतुसंसर्गांचा काहीतरी हात असणार. पण हातात बर्गर देऊन मोकळं होण्याइतका पुरावा नाही. आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, जो लिम्फोमाच्याच कुळातला आहे, तो आशियाई लोकांत तिकडे पिढ्या गेल्या तरी कमीच राहतो. तिथे अनुवंशाचा वाटा मोठा दिसतो. एकाच घराण्यातले दोन आजार आणि समुद्र ओलांडल्यावर वागणं इतकं वेगळं.

वर इतके विषाणू आले, म्हणून एक गोष्ट जीव तोडून सांगते: लिम्फोमा झालेल्या माणसाचं ताट, कप, अंथरूण वेगळं करू नका. लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. केमो घेणाऱ्या माणसालाच आपल्या सर्दी-खोकल्याची भीती असते.

आणि आता ती सुई. आपल्याकडे मानेतली गाठ टीबीची असणं खूप कॉमन आहे, जुन्या लोकांची गंडमाळ तीच. म्हणूनच अंदाजाने एकेटी (टीबीची औषधं) सुरू करण्याचा मोह होतो. मागे एक शेतकरी आले होते, पंचेचाळिशीचे. सहा महिने एकेटी झालेलं, मधे कुणीतरी स्टेरॉइडही दिलं. स्टेरॉइडने लिम्फोमाची गाठ काही दिवस बसते. ती बसली, सगळ्यांना वाटलं गोळ्या लागू पडल्या. पुन्हा वाढली तेव्हा काखेतही गाठी होत्या. काढलेली गाठ आमच्याकडे आली ती फॉर्मेलिनऐवजी (गाठ टिकवणारं द्रावण) सलाइनच्या बाटलीत, दुसऱ्या दिवशी. पेशी फुगून विरल्या होत्या, रंग धरेना. त्यांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं.

सुईने लिम्फोमा पसरत नाही. फक्त सुईतून निघालेल्या चार थेंबांवर त्याचा प्रकार ठरवणं बहुतेक वेळा अवघड जातं, कारण आम्हाला पेशींइतकीच ग्रंथीची रचना पाहायची असते. टीबीचा पुरावा सापडला नाही आणि गाठ तीन-चार आठवड्यांत उतरली नाही, तर डॉक्टरांना विचारा: अख्खी गाठ काढून तपासता येईल का? ती फॉर्मेलिनमध्ये ठेवायची, गाठीच्या निदान दहापट फॉर्मेलिन घालून, त्याच दिवशी. बाटलीवर नाव, वय, कोणत्या बाजूची गाठ, किती दिवसांपासून, आणि आधी एकेटी किंवा स्टेरॉइड घेतलं होतं का, एवढं लिहिलेलं असलं की आमचं अर्धं काम तिथेच होतं.